रुमाल टाकलेल्या तीन खुर्च्या

ही गोष्ट अक्षरन्‌अक्षर खरी आहे. डोक्यावर उरलेल्या केसांची शपथ घेऊन सांगतो. (ते किती उरलेत हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी शपथेचा फार विचार करू नये.) मी स्वतः त्या टॉकीजमध्ये होतो, आनंदरावांच्या अगदी मागच्या रांगेत. म्हणजे अगदी मागच्या नाही, दोन रांगा सोडून. पण होतो हे नक्की. जिथे नीट दिसलं नाही तिथे अंदाजानं भरलं आहे, पण अंदाजही खरेच आहेत.

तर आनंदराव. खापरखेड्याच्या वीज केंद्रात पस्तीस वर्षं कंट्रोल रूममधल्या काट्यांकडे पाहत बसलेला माणूस. रिटायर झाल्यावर काटे सुटले, म्हणून ते नागपूरच्या घरी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसू लागले. पत्नी सिंधूताई दीड वर्षापूर्वी मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या, नात प्रीतीला सांभाळायला, 'महिनाभर'. आनंदराव मागे राहिले, कारण कुंड्यांना पाणी कोण घालणार? कुंड्यांतली आता एक तुळस तेवढी जिवंत होती, पण कारण मात्र अजून टवटवीत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रीती येईल अशी आशा होती. यंदा तिला पोहण्याचा क्लास लागला.

दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल होई. "आजोबा, जेवलात?" "हाव बेटा. तू?" "हो. बाय." सोळा सेकंद. (काट्यांचा माणूस. मोजल्याशिवाय राहवत नसे.) आधी फोनमध्ये प्रीतीचा अख्खा चेहरा दिसायचा. मग अर्धा दिसू लागला, मग नुसता कान. गेल्या महिन्यात तर आनंदराव पुण्याच्या सीलिंग फॅनशीच बोलले.

आणि एका रविवारी चमत्कार झाला. प्रीतीनं प्रश्न विचारला. समुद्रातल्या राक्षसांची शिकार करणाऱ्या कुटुंबाचा तो कार्टूनचा सिनेमा आजोबांनी पाहिला का? आजोबांनी पाहिला नव्हता. "मग पाहा ना. मग आपण बोलू."

मग आपण बोलू! हे तीन शब्द आनंदरावांनी आठवडाभर पुरवून पुरवून वापरले. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी शेजारच्या भैयाजींना विचारून पाहिलं, येता का म्हणून. भैयाजींचा गुडघा दुखत होता. तेव्हा एकटेच निघाले, छत्री, पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन, सदर भागातल्या टॉकीजला, बाराच्या शोला.

खिडकीवर रांग होती आणि रांगेत प्रत्येक मोठ्या माणसाला निदान एक पोर लटकलेलं होतं. काचेमागच्या पोरीनं विचारलं, किती? आनंदरावांच्या जिभेवर 'एक' आलाच होता. पण पांढरे केस, कार्टूनचा सिनेमा आणि तिकीट एक! मागच्या चिल्ल्यापिल्ल्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "चार."

पोरीनं चार तिकिटं दिली आणि चार थ्रीडी चष्मे.

आता आत गेल्यावर चारातल्या एका खुर्चीवर गप बसावं की नाही? पण हा माणूस पस्तीस वर्षं खापरखेड्याच्या बसच्या खिडकीतून रुमाल टाकून अख्ख्या शिफ्टच्या जागा धरत आला होता. त्यांच्या रुमालाला हात लावायची कंडक्टरचीही छाती नव्हती. त्यामुळे तिकिटावर नंबर छापलेले असूनही आनंदरावांनी सवयीनं एका खुर्चीवर रुमाल टाकला, दुसरीवर छत्री, तिसरीवर टोपी. प्रत्येकीवर एकेक चष्मा ठेवला. तीन चष्मे शहाण्यासारखे पडद्याकडे पाहू लागले.

सिनेमा सुरू झाला. जहाज निघालं, भाले परजले गेले. तेवढ्यात अंधारातून तारा आली. कामठीहून शेअर ऑटोनं ती सासू तुळजाबाई आणि मुलगी दामिनीला घेऊन आली होती, आणि तिघींना मिळाली होती पहिली रांग. तिथून तुळजाबाईंना राक्षसाच्या फक्त नाकपुड्या दिसत होत्या. तारानं अदबीनं विचारलं, या जागा खाली आहेत का जी. आनंदराव म्हणाले, माणसं येऊन राहिली. तारा परत गेली.

वीस मिनिटांनी तारा पुन्हा आली, या वेळी बॅटरी घेतलेल्या गोपिकाबाईंना घेऊन. गोपिकाबाई तिथल्या तिकीट तपासनीस, पन्नाशीच्या, आवाज असा की त्यांना माइक लागत नसे.

"काका, तुमची माणसं कुठं आहेत?"

"मुलगा गाडी पार्क करून राहिला."

"अर्धा घंटा?"

"नवीन शिकला."

"अन् बाकीचे?"

"बायको पॉपकॉर्नच्या लाइनीत. नात बाथरूमले गेली."

"एकटीच? केवढी आहे?"

इथे आनंदरावांनी खरं सांगितलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. ते म्हणाले, "सहा वर्षांची. पण हुशार आहे."

गोपिकाबाईंची बॅटरी विझली आणि त्या धावल्या. बाथरूम रिकामं होतं. पाच मिनिटांनी समुद्रातून राक्षसाची शेपटी नुकतीच वर येत होती, तेव्हा सिनेमा थांबला. दिवे लागले. मुलगी हरवली आहे, सगळ्यांनी आपापल्या खुर्चीखाली पाहा.

आनंदरावांना वर्णन विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला, चालताना उजवा पाय जरा आत टाकते. असं जीव लावून सांगितलं की दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. मग लगेच साक्षीदार निघू लागले. एकानं तिला सरकत्या जिन्यावर फुगा घेऊन पाहिलं होतं. दुसऱ्यानं आइस्क्रीम खाताना. तिसऱ्याला ती वेफर्सच्या काउंटरमागे रडताना ऐकू आली होती, आणि त्यानं तिला उगी उगी म्हटलंही होतं. (मी पाहिलं नाही. पण मला विचारलं असतं तर मीही पाहिली असती.) डोक्यावर थ्रीडी चष्मे चढवून दीडशे माणसं, ज्या पोरीला कोणीही पाहिलं नव्हतं तिची शिकार करत टॉकीजभर फिरत होती.

आणि आनंदराव? स्वतःच्या नातीच्या शोधात ते एकटे कसे बसून राहणार? तेही वाकून वाकून खुर्च्यांखाली पाहू लागले. हळूहळू हाकाही मारू लागले. चौथ्या रांगेपर्यंत पोचले तेव्हा त्यांनाही वाटू लागलं होतं की असेल बुवा, असेल इथेच कुठेतरी.

तुळजाबाई जागेवरूनच म्हणाल्या की इतक्या वेळात आमची बकरीही सापडली असती. मग गोपिकाबाई फोन हातात घेऊन आनंदरावांसमोर उभ्या राहिल्या.

"मुलाचा नंबर सांगा. पार्किंगमधून बोलावतो त्याले."

"तो पार्किंगमध्ये नाही."

"मग कुठं आहे?"

"पुण्याले."

"बायको?"

"पुण्याले."

गोपिकाबाईंनी आवाज खाली आणला. तो खालीही येतो हे त्या टॉकीजला तेव्हाच कळलं. "अन् नात?"

"तेही पुण्यालेच."

"मग तुमच्या संग आलं कोण?"

आनंदरावांनी रुमालाकडे पाहिलं.

दीडशे माणसं वाट पाहत होती. गोपिकाबाई वळल्या आणि त्यांनी मूळ आवाजात जाहीर केलं की पोरगी सापडली, सुखरूप आहे. टाळ्या वाजल्या. मागून कोणीतरी विचारलं, कुठं होती? गोपिकाबाई म्हणाल्या, "आजीपाशी." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दिवे मालवले. तुळजाबाई जवळच उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खुर्चीवरचा रुमाल उचलला, घडी घातली, आनंदरावांच्या हातात दिला आणि बसल्या. पलीकडे तारा आणि दामिनी. स्वतःच्या चष्म्यावर थ्रीडी चष्मा चढवत तुळजाबाईंनी विचारलं, "चार काहून काढली गा?"

"एक म्हणता नाही आलं."

तुळजाबाईंनी दोन्ही चष्मे नाकावर नीट बसवले. "आमचे मालक गेल्यावर मी वर्षभर दोन ताटं वाढत होती," त्या म्हणाल्या. "सरका जरा. तुमचं कोपर लागून राहिलं."

राहिलेला सिनेमा दामिनीनं समजावला. तिनं तो आधी मावशीच्या मोबाइलवर अर्धा पाहिला होता, त्यामुळे कोण मरणार नाही हे तिला ठाऊक होतं. ऐन शेवटी तिला बाथरूमला जायचं झालं आणि तारा तिला घेऊन गेली. आनंदरावांनी ताबडतोब दोन्ही खुर्च्यांवर रुमाल आणि टोपी टाकली. खरोखरची माणसं परत यायची होती. कोणी विचारावं म्हणून ते ताठ बसून राहिले, पण कोणीच विचारलं नाही.

संध्याकाळी फोन लागला. प्रीतीचा आधी कान दिसला. राक्षसाचं आटोपल्यावर आनंदरावांनी टॉकीजमधल्या हरवलेल्या मुलीची गोष्ट सांगायला घेतली. अर्धा चेहरा दिसला. साक्षीदारांपाशी पोचेस्तोवर पूर्ण.

"मग ती मुलगी कोण होती?"

"तू."

प्रीतीनं विचार केला. "पण आजोबा, तो पिवळा फ्रॉक आता मला होत नाही. दातही आला." आणि तिनं फोन इतका जवळ नेला की अख्ख्या स्क्रीनवर एकच दात झाला. आनंदरावांनी चष्मा पुसला. तेवीस मिनिटं. त्यातली शेवटची दोन सिंधूताईंची होती. त्यांनी छत्री घरी आणली का एवढंच विचारलं. छत्री टॉकीजमध्येच राहिली होती.

आता कबुली. वर एक गोष्ट मी रचलेली आहे. मी त्या टॉकीजमध्ये नव्हतो. दोन रांगा सोडूनही नव्हतो. ज्यांचा गुडघा दुखत होता ते भैयाजी म्हणजे मीच, आणि गुडघा ठणठणीत होता. कार्टून पाहायला कोण जातं, असं वाटलं. त्या दुपारी मी कूलरसमोर बसून त्यातल्या पाण्याचा आवाज ऐकत होतो. समुद्राच्या जवळ मी गेलो तो एवढाच. घरात दुसरा आवाज नव्हता. बाकी सगळं आनंदरावांनी तुळशीला पाणी घालताना कुंपणावरून सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर.

परवा मीच कुंपणापाशी गेलो. नवीन सिनेमा लागला आहे, डायनासोरचा. म्हटलं, जाऊ रविवारी. आनंदराव म्हणाले, तिकिटं काढली, चार. म्हटलं, यातलं एक माझं काय?

"नाही गा भैयाजी. तारा, तुळजाबाई, दामिनी अन् मी. चारही खुर्च्या भरल्या." मग त्यांनी झारी खाली ठेवून माझ्या पायाकडे काळजीनं पाहिलं. "तुमचा गुडघा दुखते ना. म्हणून तुमच्यासाठी रुमाल टाकला नाही."