एकाहत्तर किलोचा सामना

आमचे शेजारी भानुदास हवालदार रोज सकाळी सहा वाजता माझ्या आडत दुकानाच्या ओट्यावर येतात, थप्पीतलं मक्याचं एक पोतं निवडतात, त्याला कडक सलाम ठोकतात आणि मग दोन्ही मुठींनी त्याला बडवायला लागतात. पंधरा मिनिटं बडवून झालं की पुन्हा सलाम. एकदा मका संपला म्हणून मी सोयाबीनचं पोतं पुढे केलं, तर दोनच ठोसे मारून त्यांनी हात खाली घेतले.

"ह्याच्यात दम न्हाई शेठ. मारलं की बाजूला सरकून राह्यलंय. मका कसा, उभा राहून खातो."

मी व्यापारी माणूस. मला त्यांच्या ठोशांपेक्षा पोतं उसवायची चिंता जास्त. पण भोकरदनमध्ये फौजेतून आलेल्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नाही.

हवालदार फौजेत बॉक्सिंग शिकले. पलटणीत एकाहत्तर किलोच्या गटात पहिले आले होते. वय आता बासष्ट, पण वजन एकाहत्तरच. दर महिन्याला माझ्या काट्यावर उभे राहून खात्री करून घेतात. वजन शंभर ग्रॅमनं वाढलेलं दिसलं की त्या रात्री जेवत नाहीत, आणि कौसल्यावहिनी दुसऱ्या दिवशी मलाच बोलतात.

त्यांना वेड एकच. सगळं सारखं पाहिजे. हॉटेलात आम्ही एका चहाचे दोन करून घेतले की ते दोन्ही ग्लास डोळ्यांसमोर धरून पातळी बघतात. स्वतःच्या ग्लासात थेंबभर जास्त दिसला तरी "बराबर न्हाई" म्हणत तो माझ्यात ओततात. एस.टी.त तिघांच्या बाकावर वीत टाकून आपला हिस्सा मोजतात. एका लग्नात त्यांनी वाढप्याला चार पानं मागे बोलावलं, कारण एका अनोळखी म्हाताऱ्याच्या पानात जिलबी एक कमी पडली होती. म्हाताऱ्याला साखरेचा त्रास होता. तो हात जोडत होता, पण हवालदार म्हणाले, "नियम म्हणजे नियम." शेवटी म्हाताऱ्यानं ती खाल्ली.

आता त्यांचे साडू, हसनाबादचे रंगनाथ जमादार. कौसल्यावहिनींची धाकटी बहीण त्यांना दिलेली. हे पोलिसातून निवृत्त झाले. तेही बॉक्सर, पोलिसांच्या स्पर्धेत जिंकलेले, आणि तेही एकाहत्तर किलोचे. दोघांच्या सासुरवाडीत जावयांचा मान सारखा, आहेर सारखा, आणि बढाया तर अगदीच सारख्या. नऊ वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या मुलाच्या लग्नात कुणीतरी पंगतीतच विचारलं, "तुमच्यातला भारी कोण?" दोघांचेही घास हातातच राहिले. हात धुवायच्या आत सामना ठरला.

तेव्हापासून अख्खा तालुका त्या सामन्याची वाट पाहत होता.

पहिल्या वर्षी हातमोजे आले. हवालदारांनी ते माझ्या काट्यावर टाकले. एक जोडी थोडी जड निघाली. "बराबर न्हाई." सामना रद्द. दुसऱ्या खेपेला घंटेचा घोळ झाला. शाळेची घंटा मागितली, तर हेडमास्तर म्हणाले, घंटा वाजली की पोरं घरी पळतील. देवळाची घ्यावी म्हटलं तर येणारा प्रत्येक भाविक फेरी संपवणार. त्यात दोन उन्हाळे गेले. मग पंच कुणी व्हायचं यावर वाद झाला. काटा माझा म्हणून पंचही मीच, असं ठरलं. मी शिट्टी आणली. घरात एक ते दहा मोठ्यानं मोजायचा सराव केला.

त्यानंतरच्या वर्षी तर दोघंही उघड्या अंगानं काट्यापर्यंत आले. जमादार सातशे ग्रॅम जास्त भरले. आदल्या दिवशी मटण झालं होतं. हवालदारांनी त्यांना घड्याळ काढायला लावलं. मग कमरेचा चांदीचा करदोडा काढायला लावला. तरी चारशे ग्रॅम जास्तच. जमादार काकुळतीला आले.

"शेठ, एक डाव परसाकडं जाऊन येऊ का?"

"तसा नियम न्हाई," हवालदार म्हणाले. सामना रद्द.

एवढं होऊनही, हवालदारांना हा सामना नको होता असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. सामना व्हावा यासाठी तो माणूस नऊ वर्षं पोत्याला सलाम ठोकत होता. एकदा मला म्हणाले होते, "शेठ, पलटणीत पह्यला आलो ते तिकडं दूर. हितं कुनी पाह्यलं? एक डाव आपल्या मानसांसमोर व्हायला पाह्यजे. मंग हातमोजे खुटीला टांगतो."

यंदा जानेवारीत सगळं जुळून आलं. मोजे सारखे, घंटा भजनी मंडळाची, आणि दुकानामागच्या पटांगणात जाड दोरानं आखलेली सोळा फुटांची चौकोनी रिंग. हसनाबादहून दोन काळ्यापिवळ्या जीपा भरून माणसं आली. मी शिट्टी गळ्यात घालून काट्यापाशी उभा राहिलो.

हवालदार बनियनवर चढले. एकाहत्तर बरोबर. मग जमादार पुढे आले. अंगात पोलिसातला जुना जाड कोट, त्यावर कमरेला पट्टा, गळ्यात गुंडाळलेला मफलर.

"जमादार, कोट काढा," मी म्हणालो.

"राहू द्या," हवालदार पटकन म्हणाले. "थंडी हाय."

मी बघतच राहिलो. करदोडा काढायला लावणारा हा माणूस! तेवढ्यात जमादारांनी काट्यावर पाय ठेवला आणि कोटाच्या खिशातून खण्ण असा आवाज आला. तीस वर्षं काट्यापाशी बसलेल्या माणसाला लोखंडी वजनांचा आवाज सांगावा लागत नाही. दोन्ही खिसे खाली ओढले गेले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हवालदारांना जोराचा खोकला आला. असा खोकला त्यांना त्याआधीही कधी आला नाही आणि नंतरही नाही.

आकडा एकाहत्तर किलो शंभर ग्रॅमवर थांबला. हवालदारांनी तो वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बराबर हाय."

मग ते टेप घेऊन रिंगकडे गेले. एक बाजू मोजली, दुसरी मोजली, गुडघ्यावर बसून तिसरी मोजली. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ही बाजू तीन इंच कमी हाय. रिंग चौरस न्हाई. सामना रद्द."

पटांगणात शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "हवालदार भेला!" आणि सगळं पटांगण तेच म्हणायला लागलं. जमादारांनी मिशीवरून हात फिरवला. हसनाबादची मंडळी त्यांना खांद्यावर घ्यायला धावली, तर हवालदारच मधे पडले. "उचलू नका रे त्याला! न खेळता उचलायचा नियम न्हाई!" त्यावर लोक आणखीच हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर चिडून हसलो. नऊ वर्षांची वाट आणि गळ्यात न वाजलेली शिट्टी.

त्या दिवसापासून हॉटेलात कुणीही त्यांना चिडवायचं, "हवालदार, टेबल चौरस आहे का बघा जरा." ते खरंच वाकून बघायचे आणि सांगायचे, "हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते ओट्यावर आले, पोत्याला सलाम केला आणि नुसतेच उभे राहिले. मला राहवलं नाही.

"हवालदार, जमादारांच्या खिशात लोखंड होतं. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं."

"मग लबाडी त्यांनी केली आणि भित्रे तुम्ही ठरलात."

"शेठ, तुम्ही खिसे पाह्यले. मी पट्टा पाह्यला." ते पोत्यावर टेकले. "पोलिसातला पट्टा हाय तो. त्याची भोकं गोल. त्याच्या पुढं तीन नवी व्हती, खिळ्यानं पाडलेली. मनात म्हनलं, ह्यो मानूस आटून राह्यलाय. सांजच्याला कौसल्येनं बहिणीला फोन लावला, तवा समजलं. मोठा आजार हाय. संभाजीनगरला इलाज चालू हाय. कुनाला सांगितलं न्हाई त्यानं."

"मग यायचंच नाही ना त्यांनी."

"कसा न्हाई येनार? नऊ वर्सं गावात सांगून राह्यलाय, भानुदासाला झोपवतो म्हनून. कोट काढून उतरला असता शेठ. उतरलाच असता. मला मारावं लागलं असतं. आन हळू मारलं असतं, तर त्याला लगेच कळलं असतं."

मला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि ती तीन इंच कमी बाजू?"

"रिंग बराबर व्हती," ते म्हणाले. "सोळा बाय सोळा. पहाटंच मोजून गेल्तो."

मग त्यांनी हसनाबादला निरोप पाठवला. रिंग दुरुस्त झाली आहे, सामना कायम आहे, मात्र वजन दर महिन्याला सर्वांसमोर, कोट न घालता. "वजन भरायच्या हट्टानं तरी दोन घास जास्त खाईल," ते मला म्हणाले. जमादार दोन बाजार आलेच नाहीत. मग एका बाजाराच्या दिवशी ते आले, कोट खुंटीला टांगला आणि बनियनवर काट्यावर चढले. त्रेसष्ट किलो चारशे. त्यांच्या बरगड्या बघून भाजीवाल्या बायांनी तोंडाला पदर लावला. हवालदार म्हणाले, "बराबर न्हाई. सात किलो सहाशे कमी. असल्या मानसाशी मी खेळत न्हाई." आणि पिशवीतून कौसल्यावहिनींनी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा काढून त्यांच्या हातात कोंबला. त्यानंतर हॉटेलात टेबलाचा विषय कुणी काढला नाही.

परवा जमादार पुन्हा आले. आता ओटा चढताना हात धरावा लागतो. हवालदारांनी धरला. जमादार काट्यावर उभे राहिले. त्यांची मान ताठ होती, नजर समोर मक्याच्या थप्पीवर. आकडा बासष्ट किलो शंभरवर थांबला. मी वाचायला तोंड उघडलं आणि आकडा हलला. बासष्ट सहाशे झाला, त्रेसष्ट झाला, चौसष्टच्याही वर गेला. मी खाली पाहिलं. जमादारांच्या मागे उभ्या असलेल्या हवालदारांच्या उजव्या पायाचा अंगठा काट्याच्या प्लेटवर होता. ते माझ्याकडे बघत होते. नऊ वर्षांत त्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"चौसष्ट किलो दोनशे," मी मोठ्यानं वाचलं.

"वाढलं!" हवालदार ओरडले आणि पाय काढून घेतला.

जमादारांनी मागे वळून पाहिलं नाही. पण मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लाडवाचा डबा आन जल्दी. दिवाळीत तुझं नाक फोडतो का न्हाई पाह्य."

"आधी एकाहत्तर हो," हवालदार म्हणाले आणि उतरायला आधार म्हणून त्यांनी खांदा पुढे केला.