दुसऱ्याची आजी

मेत्रे सर "आज ऊन लई हाय" असं कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "आज ऊन लई हाय, असं काशिनाथ इस्त्रीवाला म्हणला." घाम त्यांच्या स्वतःच्या कपाळावरून ओघळत असायचा. पण वाक्य काशिनाथचं, म्हणून नाव काशिनाथचं.

बिदर जिल्ह्यातल्या औरादच्या आमच्या कॉलेजात ते मराठी शिकवायचे, मी इतिहास. चिंताकी गावच्या मेंढपाळ घरातले ते पहिले पदवीधर. उंच, वाळके, खिशाला दोन पेनं आणि तोंडात कायम एकच प्रश्न, "कुणाचं हाय हे?" स्टाफरूममध्ये कुणी विनोद सांगितला की सर आधी मनापासून हसायचे आणि मग विचारायचे, "कुणाचं हाय हे?" सांगणाऱ्याचा चेहरा पडायचा. एकदा प्राचार्यांनी झेंडावंदनाला एक झकास सुविचार ऐकवला. पहिल्या रांगेतून प्रश्न आलाच.

"माझाच आहे," प्राचार्य म्हणाले.

"मग गेल्या म्हयन्यात हाच नोटीस बोर्डावर लागलता, तवा कुणाचा व्हता?"

पोरं इतकी हसली की राष्ट्रगीत दोनदा सुरू करावं लागलं.

या गुन्ह्याला वाङ्मयचौर्य असं भारदस्त नाव आहे. सरांना ते पसंत नव्हतं. "चोरीला दागिने कामून घालायलाव? चोरी म्हणा की!"

मीही त्यांच्या तावडीत सापडले होते. नोकरीला लागून वर्ष झालं असेल. बिदरच्या किल्ल्यावर एक निबंध लिहिला होता आणि तो एका चर्चासत्रात वाचणार होते. सरांनी तो मागितला, वाचला आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"बाई, हे पान तुमचं न्हाई."

"सर, मी स्वतः लिहिलंय."

"हात तुमचा हाय. पान न्हाई. ह्याची वाक्यं इंग्रजीत विचार केलेली हायती."

खरंच होतं. एका इंग्रजी पुस्तकातलं पान मी मराठीत आणलं होतं आणि भाषांतराचे कष्ट घेतले म्हणून ते आपलं झालं असं समजत होते. सर म्हणाले, "बैल चोरून मांजरा नदीच्या पल्याड नेला म्हणून मालक बदलत न्हाई. खाली पुस्तकाचं नाव लिव्हा, पान नंबर लिव्हा, आन् मग तुम्हाला काय वाटतं ते सांगा. त्यासाठी तर बोलवलंय तुम्हाला."

मला राग आला होता. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. निबंधाखाली पुस्तकाचं नाव मात्र घातलं.

त्या काळात गावातले एसटीडी बूथ एकेक करून बंद पडत होते आणि कॉलेजात जो तो पीएचडीच्या मागे लागला होता. पीएचडी नाही तर बढती नाही, असं वारं होतं. झेरॉक्सच्या दुकानासमोर प्राध्यापक रांगेत उभे राहायचे. एकाचा प्रबंध बघून दुसऱ्याचा, दुसऱ्याचा बघून तिसऱ्याचा. मराठीचे विभागप्रमुख हंगरगे सर यांनी पीएचडी मिळवली आणि लगेच प्रबंधाचं पुस्तकही काढलं. विषय होता आपल्या भागातल्या मेंढपाळांच्या बोलीतले शब्द. कॉलेजने सभागृहात सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला बसलो होतो. मेत्रे सरांच्या मांडीवर ते पुस्तक होतं, आणि त्यात कागदाच्या इतक्या खुणा घातलेल्या की ते फुगून बसलं होतं.

भाषणं संपली आणि सर उठले.

"हंगरगे सर, एकच शंका हाय. सत्तेचाळीस पानावर तुम्ही लिव्हलाव, 'माझी आजी पाच मेंढरांना पाच नावांनी हाक मारायची आणि पाचही वेगवेगळ्या वाटांनी यायची.' तुमच्या आजीनं मेंढरं कवा राखली?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. हंगरगे सरांचं कापडाचं दुकान तीन पिढ्यांचं. त्यांची आजी उभ्या जन्मात बाजारपेठेच्या बाहेर गेली नव्हती, आणि लोकर अंगाला लागली तर तिला पुरळ यायचं हे अख्ख्या औरादला ठाऊक.

"मेत्रे, माझ्या आजीवर कामून घसरलाव?" हंगरगे सर फेटा सावरत ओरडले.

"तुमच्या आजीवर न्हाई. ही आजी कुणाची हाय, एवढंच इचारायलोय."

प्राचार्यांनी घाईघाईने आभार मानून कार्यक्रम गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सरांना नोटीस आली, सभेत गैरवर्तन केल्याबद्दल. आणि आम्ही? आम्ही चहा प्यायलो. "मेत्रेंना वेळकाळ कळत नाही," असं कुणीतरी म्हणालं आणि मी मान हलवली. आजही त्या मान हलवण्याची मला चीड येते.

ती आजी कुणाची, हे महिन्याभरात कळलं. रुक्मिणी नावाची आमची जुनी विद्यार्थिनी रडत स्टाफरूममध्ये आली. आईबाप हैदराबादला बांधकामावर, ही आजीपाशी राहून शिकलेली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिने आपल्या आजीला विचारून विचारून मेंढपाळांच्या शब्दांवर प्रकल्प केला होता आणि विभागप्रमुख म्हणून तो हंगरगे सरांकडेच दिला होता. पुढे गुलबर्ग्याला एम.ए. केलं आणि त्याच विषयावर पीएचडीसाठी अर्ज केला. मुलाखतीत समितीने तिच्यासमोर हंगरगे सरांचं पुस्तक टाकलं आणि विचारलं, "यातून उचललंस ना?"

"मॅडम, मी माझ्याच आजीची चोर ठरले," ती म्हणाली. "आता मी पुण्याला जायलेय. मावशी तिथं कंपनीत हाय, ती मलाबी कामाला लावती म्हणली."

 मेत्रे सर उठले, आपलं कपाट उघडलं आणि बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे खाली काढायला लागले. ऑफिसातली रद्दी निघाली की सर शिपायाकडून मुलांच्या जुन्या वह्या मागून घ्यायचे. आम्ही त्यावर पोट धरून हसायचो. सहाव्या गठ्ठ्यात रुक्मिणीची वही निघाली. निळ्या शाईतलं गोल अक्षर. पान उलटताच आजी, पाच मेंढरं, पाच वाटा. आणि शेवटच्या पानावर लाल शाईत, तारखेसकट, "छान मेहनत. हंगरगे."

सरांनी त्या लाल ओळीवर बोट आपटलं. "वाचलं! त्यानं वाचलं, छान म्हणला, आन् मग नेलं! आन् थोडे शब्द बदलले की झालं? शिंगं रंगवली की बैल त्याचा?"

दोन दिवसांनी आम्ही तिघं गुलबर्ग्याला गेलो. समितीच्या प्रमुख बाईंनी आधी भेट नाकारली. सर दाराबाहेरच्या बाकावर सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिले. शेवटी बाईंनी आत बोलावलं, वही आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचलं, आणि लाल शाईतली तारीख पुस्तकाच्या तारखेशी ताडून पाहिली. मग रुक्मिणीला म्हणाल्या, "तुझ्या आजींचं नाव काय?"

"नागम्मा."

"प्रबंधात ते पहिल्या पानावर येऊ दे."

रुक्मिणीची नोंदणी झाली. हंगरगे सरांचं काय झालं विचाराल, तर काहीही नाही. एक खुलाशाचं पत्र गेलं, एक उत्तर आलं, आणि दोन वर्षांनी ते आमचे प्राचार्य झाले. ते पुस्तक अजून लायब्ररीत आहे. लिहितानाही माझा हात तापतो.

पण मला सांगायचंय ते परतीच्या वाटेचं. रुक्मिणी गुलबर्ग्याला राहिली. बसमध्ये मी सरांना म्हणाले, "सर, तुमच्यासारखा स्वच्छ माणूस मी पाहिला नाही."

 हुमनाबाद आलं तसे सर उठले. "बाई, इथं उतरू. चिटगुप्प्याला जाऊन येऊ. एकट्यानं पाय उचलत न्हाई माझा."

चिटगुप्प्याच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानापाशी ते थांबले. थांबले आणि पुढे जाईनात. आत पांढऱ्या दाढीचा एक माणूस मशीन चालवत होता. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"शिवराम? अरे शिवराम मेत्रे न्हाई का तू?"

"व्हय, इस्माईल."

दोघं कॉलेजात एका खोलीत राहायचे, हे मला तिथं कळलं. सर बसले नाहीत. उभ्या उभ्याच, शाळेतल्या पोरासारखे हात बांधून बोलले. "इस्माईल, निबंधाच्या स्पर्धेत मी पहिला आलतो. तू तापानं गावाकडं गेलतास. वही तुझी व्हती. नाव मी माझं घातलो. त्या बक्षिसावर मला पुढची शिष्यवृत्ती मिळाली. तू परत आलाच न्हाईस. एवढी वर्षं मी ह्या बाजारातून कितींदा गेलो, दुकान बघितलो, आत आलो न्हाई."

मी दुकानातल्या कपड्यांकडे बघत राहिले. कुठे बघावं ते कळेना.

इस्माईलभाईंनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "मालूम हाय रे. त्याच साली कळलं मला. अब्बा गेले, दुकान बघायचं व्हतं. निबंध घेऊन मी काय केलो असतो?" मग विचारलं, "हाय का तुझ्याकडं? मला आता एक ओळ बी याद न्हाई."

"कागद न्हाई. पाठ हाय."

"म्हण मग."

सरांनी डोळे मिटले. बाहेर बाजार चालू होता, कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. "विहीर भरलेली असते तेव्हा तिच्यात कुणी वाकून पाहत नाही. आटली की सारं गाव कठड्याशी जमतं—"

"थांब." इस्माईलभाईंनी हात वर केला. "कठडा न्हाई. आमच्या विहिरीला कठडा कुठं व्हता? काठ लिव्हलो व्हतो मी. काठाशी."

सरांनी डोळे उघडले. म्हणाले, "तेवढा एक शब्द मी बदललो व्हतो."

इस्माईलभाईंनी पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"बस. पुढं म्हण."