वहीद काझीला आलेली नोकरी

वहीद काझीच्या खिशात एखादवेळी पेन नसेल, पण खडू असतोच. मोजून झालेल्या पोत्यावर खूण करायला ऑडिटवाल्याला खडू लागतो, हे मला मान्य आहे. मीही चार्टर्ड अकाउंटंटच आहे. पण माझ्या मेव्हण्याच्या लग्नात वऱ्हाडाची बस निघताना ह्यानं प्रत्येक बॅग मोजून तिच्यावर खूण केली, आणि बॅगांना टेकून झोपलेल्या माझ्या सासऱ्यांच्या काळ्या कोटावरही केली. ते तसेच मांडवभर हिंडले.

"साहेब, चीज डोळ्यानं दिसली पायजे," हे त्याचं ब्रीद. "कागद काय, कायबी बोलतो."

एकदा माझ्या बायकोनं सांगितलं, साखर संपलीय, चहा बिनसाखरेचाच घ्या. वहीद म्हणाला, "भाभी, डबा बघू?" डबा गळ्यापर्यंत भरलेला निघाला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सहा महिने ती मला हेच सांगत होती. तेव्हापासून त्याला आमच्या घरी दोन चमचे साखरेचा चहा मिळतो. मला अजून संपलेलीच आहे.

शहागंजातल्या आमच्या ऑफिसात तो माझ्या हाताखाली लागला, त्याला अठरा वर्षं झाली. आता भागीदार आहे, तरी मला साहेबच म्हणतो. मागच्या महिन्यात वाळूजच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. त्यांच्या स्वतःच्या ऑडिट खात्याचा प्रमुख म्हणून! एसी केबिन, न्यायला-आणायला गाडी, शनिवार-रविवार सुट्टी. आणि हा पेढ्यांऐवजी प्रश्न घेऊन आला.

"साहेब, जाऊ का नको? तुम्ही सांगाल तसं."

इथं एक कबुली देतो. त्या जागेसाठी मीही गुपचूप अर्ज केला होता. अर्जात फोटो सोडून सगळं खरं होतं. फोटो केस असतानाचा होता. मला साधं उत्तरही आलं नाही.

मी खुर्चीत मागं रेललो आणि वडीलकीच्या सुरात सुरू झालो. "वहीद, नोकरी म्हणजे गुलामी रे. इथं तू मालक. तिथं सकाळी ज्याची चूक काढशील, दुपारी त्याच्याच शेजारी कँटीनमध्ये बसशील. तू बसलास की टेबल गप्प." असे आठ तोटे सांगितले. आठवा सुचायला जरा वेळ लागला.

त्यानं सगळे वहीत लिहून घेतले. "आणि फायदे, साहेब?"

"ते तुझे तू काढ."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "त्याच्या भल्याचं सांगितलंत की तुमच्या?"

"त्याच्याच."

"मग कान कशाला लाल झालेत, अहो?"

कंपनीला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. शनिवारी वहीदला कन्नडच्या एका मक्याच्या व्यापाऱ्याचं गोदाम मोजायचं होतं. एरवी तो एकटाच जातो, मी ऑफिसात बसून सह्या करतो. ह्या वेळी मीही एसटीत चढलो. वाटेत नववा तोटा सुचला तर हाताशी असावा म्हणून.

गोदामात तो पोत्यांच्या थप्पीवर चढला, खाली उतरला, तळाच्या पोत्यांत हात घातला. "खालच्या थराला ओल लागलीय, मालक. हा माल चांगल्यात धरणार नाय."

"काझीसाहेब, आत्ता जेवायला आमच्याच घरात यायचंय तुम्हाला!"

"जेवण जेवणाच्या जागी. भिजला मका मक्याच्या जागी."

घर गोदामाच्या मागंच होतं. मालकाची म्हातारी आई दारातच उभी होती. वहीद तिला माय म्हणतो.

"आला का रं वहीद? लई वाळलास. तुझी अम्मी असती तर मलाच बोलली असती."

येसराची आमटी, बाजरीची भाकरी, वर तुपाची धार. वहीद खाली मान घालून जेवत होता.

"पुढच्या साली लवकर ये रं," माय म्हणाली. "माझा काय भरवसा नाय."

वहीदचा घास हातातच राहिला. वाळूजची केबिन घेतली, तर ह्या दारात यायचं त्याला काही कारणच उरत नव्हतं.

"येतो ना, माय," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत तो बोलला. "साहेब, त्यांना नाही म्हणून कळवतो."

"माझे तोटे पटले तर!"

"तुमचे? नाय, ते लई कच्चे होते." मग म्हणाला, "अम्मी गेल्यापासून घरात आवाज नाय. सालभरात अशी पंधरा घरं आहेत, तिथं मला बसवून जेवू घालतात. ऑडिटला म्हणून हक्कानं जातो. कामाबिगर कुणाच्या दारात काय म्हणून जायचं, साहेब?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत बसलो.

"जागा चांगलीय पण," तो म्हणाला. "तुम्ही का नाय टाकत अर्ज?"

"बघतो," मी म्हणालो, आणि दौलताबादचा किल्ला मागं पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

जागेचा हेवा खरं तर तिथंच संपायला हवा होता. संपलाही असेल. पण मला ते जेवण आठवत होतं. मायनं मला दोनदा विचारलं होतं, "सायेब, अजून वाढू का?" आणि दोन्ही वेळा मी भूक असून नको म्हणालो होतो. वहीदला तिनं विचारलंच नव्हतं. ती समोर बसली होती आणि वाढत होती.