दामाचा डबा

माझ्या शेजारचा दामा मोबाइल भाकरीच्या डब्यात ठेवतो आणि भाकरी फडक्यात. बोलायचं असलं की रेंज येते तिथे जाऊन झाकण उघडतो, दोन शब्द बोलतो, मोबाइल बंद करून पुन्हा झाकण दाबतो. "सरकार पाह्यते बाई," म्हणतो.

हसा, पण कारण ऐका. आमच्या गावात रेंज एकाच जागी येते, जंगलाच्या कडेला मोहाच्या झाडावर. माणसं मोबाइल पिशवीत घालून फांदीला टांगतात आणि कामाला जातात. दामाचाही मोबाइल झाडावर असायचा आणि तो तलावात जाळं टाकत असायचा. मोबाइल रोज जंगलात दिसतो म्हणून एक दिवस पोलिसांनी त्याला उचललं.

"रोज जंगलात झाडाखाली कोणाला भेटतोस?"

"मी नाई साहेब, मोबाइल रायते तिथी. मी पाण्यात रायतो."

दोन दिवस बसवून ठेवलं. सुटल्यावर एका वकिलाने त्याला सांगितलं, कोणाचा मोबाइल कुठे आहे हे सरकारलाही वाटेल तेव्हा पाहता येत नाही, लेखी परवानगी लागते. झालं! वनरक्षकाने नाव विचारलं, तरी हा म्हणे, "कागद हाये का?" मी चिमूटभर मीठ मागितलं, तरी "कागद हाये का?"

"तुह्या तोंडाले लावते कागद," मी म्हटलं.

यंदा त्याची बायको पार्वता तेलंगणात मिरची तोडायला गेली. ह्याने तिलाही एक डबा दिला. "बंद ठेवजो. पोलीस पाह्यतेत."

बाकीच्या बाया परत आल्या. पार्वता आली नाही. ती आधीच एकटी निघाली होती म्हणे. फोन बंद. दामा ठाण्यावर धावला, सोबत मी.

"साहेब, तिचा मोबाइल कुठी हाये, तेवढं पाहून द्या."

साहेबांनी मानही वर केली नाही. "असं पाहता येत नाही. कायदा आहे. परवानगीचा कागद लागतो."

"माहा तं दिसला होता तुम्हाले," दामा म्हणाला.

साहेबांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

आता तो जाळं टाकत नाही. मोबाइल चालू करून झाडाला टांगतो आणि खाली बसून राहतो. रिकामा डबा माझ्याकडे दिलाय, त्यात मी भाकरी नेऊन देते.

"घरी चाल, दामा."

"तिनं डबा उघडला तं? माहा फोन बंद लागन ना बाई."

दामाला उचललं तेव्हा साहेब म्हणत होते तसंच झालं. मोबाइल झाडावर आणि माणूसही झाडाखाली. आता विचारायला कोणी येत नाही.