उपेंद्रचे मामेसासरे

कुत्रा का नको, हे उपेंद्रने मुक्ताला मुद्देसूद समजावून सांगितलं आणि तिथेच तो फसला. कुत्र्याचे केस घरभर होतात, तो भुंकतो, भर पावसात त्याला फिरवून आणावं लागतं आणि रोज वेळच्या वेळी खायला घालावं लागतं. अकरा वर्षांच्या मुक्ताने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात तिने असा प्राणी शोधून काढला, ज्याला केस नव्हते, आवाज नव्हता, फिरायची हौस नव्हती आणि आठवड्यातून दोनदा जेवण मिळालं तरी ज्याची तक्रार नव्हती. तो गार्टर जातीचा साप होता.

"साप?" उपेंद्र म्हणाला.

"बिनविषारी. भुंकत नाही. तुझेच मुद्दे आहेत, बाबा."

मुक्ताला मराठी सगळं कळतं, पण ती बोलते इंग्रजीत. तिचं बोलणं इथे मराठीत दिलं आहे. आयर्लंडमधल्या नावन गावचा हेल वाचकांनी आपापला लावून घ्यावा.

उपेंद्रने मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. चित्रा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "शाळा बंद झाल्यापासून पोरगी भिंतीशी बोलतेय. आता सापाशी बोलेल. तेवढीच प्रगती."

जुलै उजाडला होता. करोनाच्या टाळेबंदीनंतर दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जायला नुकतीच परवानगी मिळाली होती. लोक चार महिन्यांनी समुद्र बघायला निघाले, हे तिघं मलिंगारला साप आणायला गेले. तिथला माणूस घर आवरून न्यूझीलंडला चालला होता. त्याने साप उशीच्या अभ्र्यात घालून दिला.

"नर आहे की मादी?" मुक्ताने विचारलं.

"नर," तो म्हणाला. "ग्रँड आहे एकदम. काही त्रास नाही." कधीही न बघता उत्तर देणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास त्याच्या आवाजात होता. येताना उपेंद्रने सगळा रस्ता मागच्या आरशात, त्या अभ्र्याकडे बघत गाडी चालवली. सापांना तो भयंकर घाबरायचा, पण हे मुलीला सांगण्याची वेळ टळून गेली होती.

सापाचं नाव फिन ठेवलं. फिनची बातमी दोन माणसांना कळता कामा नये, असं ठरलं. पहिला घरमालक डोनल ब्रेडी. किल्ली देतानाच त्याने "घरात प्राणी नकोत" असं बजावलं होतं. नावनमध्ये भाड्याचं घर मिळायचं म्हणजे लग्न ठरण्याइतकं अवघड झालं होतं, आणि हे घर गेलं तर मुक्ताची शाळाही जाणार होती. दुसऱ्या म्हणजे चित्राच्या आई, सुलक्षणाबाई. फेब्रुवारीत लेकीकडे आल्या, गुढीपाडव्याला परत जायच्या होत्या, विमानं बंद झाली आणि त्या राहिल्या. सापाची काचेची पेटी छोट्या खोलीत ठेवून, वर चादर टाकून त्यांना सांगण्यात आलं की हा मुक्ताच्या शाळेचा प्रयोग आहे. शाळेचं नाव काढलं की सुलक्षणाबाई कशालाही हात लावत नसत.

फिन गांडुळं खायचा. ती मागच्या बागेतून उपेंद्रला काढावी लागायची. पावसात टोपी घालून जमीन उकरणाऱ्या जावयाकडे सुलक्षणाबाई खिडकीतून कौतुकाने बघत. "जावईबापूंना शेतीची लई आवड," त्या चित्राला म्हणत.

मुक्ता मात्र खरंच बोलायला लागली. फिनने कात कशी टाकली, तो मुंडी कशी वर करतो, त्याला कोणतं गांडूळ आवडलं, हे ती जेवताना इतकं सांगायची की उपेंद्रला घास जायचा नाही. तरी त्याला बरं वाटत होतं. आणि तेवढ्यात डोनलचा फोन आला. ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या सोमवारी तो बॉयलर बघायला येणार होता.

उपेंद्रने दोन दिवस विचार केला. मग डब्लिनकडच्या क्लोनडॉकिनच्या एका बाई मिळाल्या. त्यांच्याकडे आधीच तीन साप होते आणि चौथा चालणार होता. शनिवारी त्या घ्यायला येणार, असं ठरलं. मुक्ता रडली नाही, भांडलीही नाही. तिने फक्त बोलणं बंद केलं, आणि उपेंद्रला फार वाईट वाटलं.

त्या शनिवारी नागपंचमी होती. हे उपेंद्रला ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या घरी या सणाला पुरणाच्या दिंडांपलीकडे काही महत्त्व नसे. सुलक्षणाबाईंचं माहेर शिराळ्याचं. तिथे नागपंचमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. त्यांनी सकाळीच स्वयंपाकघरात पाट मांडला, हळदकुंकू घेतलं, लाह्या मिळेनात म्हणून नाश्त्याच्या खोक्यातले फुगीर तांदूळ घेतले. अडलं ते नागाच्या चित्रावर. प्रिंटरची शाई संपलेली.

"नागाबिगर कसली पंचमी?" त्या म्हणाल्या. "काल भावाचा उपास धरलाय म्या."

इतकं बोलणं झालं तेव्हा मुक्ता तिथे दूध पीत बसली होती. ती उठून वर गेली.

उपेंद्र अभ्रा घेऊन छोट्या खोलीत गेला, तर पेटी रिकामी. तो धावत खाली आला. मुक्ता पाटासमोर उभी होती, फिन तिच्या मनगटाला विळखा घालून मुंडी वर करून बघत होता, आणि सुलक्षणाबाई हात जोडून उभ्या होत्या. त्या किंचाळल्या नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आलास व्हय रं," त्या हळूच म्हणाल्या. "एवढ्या लांब. चित्रे, दूध आण."

"आजी, त्याला दूध चालत नाही," मुक्ता म्हणाली. "पोट बिघडतं." चित्राने ते मराठीत सांगितलं.

"पाजतंय कोण? नुस्तं दावायचं."

पूजा झाली. सुलक्षणाबाईंच्या माहेरी पाच बहिणी, भाऊ नाही. गावात नागाला भाऊ मानायची रीत, म्हणून त्या पोरवयापासून दर वर्षी नागाच्या नावाने उपास धरत आल्या होत्या. आज तो भाऊ नातीच्या हातावर बसून त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी नाव विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "फिनदादा."

चित्राने जरा हिशेब केला. "म्हणजे माझे मामा," ती म्हणाली. मग दारातल्या उपेंद्रकडे वळली. "आणि तुझे मामेसासरे. अभ्रा कशाला आणलायस?"

"धुवायला," उपेंद्र म्हणाला.

क्लोनडॉकिनच्या बाईंना त्याने फोन करून सांगितलं की कौटुंबिक कारणामुळे साप देता येत नाही.

"बायको नाही म्हणते का?"

"नाही. साप कुटुंबातला निघाला."



फिनमामांची पेटी आता बिनचादरीची झाली. घरात त्यांचा उल्लेख आदरानेच होऊ लागला. "जावईबापू, मामा जेवले का?" असं विचारल्याशिवाय सुलक्षणाबाई ताटावर बसत नसत. उपेंद्र मुकाट्याने गांडुळं आणत होता आणि मनाशी एक बेत पक्का करत होता. बँक हॉलिडेच्या सोमवारी डोनल यायच्या आधी मामेसासऱ्यांना पेटीसकट गाडीच्या डिकीत ठेवायचं, तो गेला की परत आणायचं. तासाभराचा प्रश्न होता.

गुरुवारी दुपारी, उपेंद्र ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना, मुक्ताने हाक मारली.

"बाबा, फिन मादी आहे."

"कशावरून?"

"ये आणि बघ."

गार्टर साप अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, हे उपेंद्रला त्या दुपारी कळलं. पेटीत बुटाच्या नाडीएवढी पिल्लं सगळीकडे वळवळत होती. फिनमामा एका कोपऱ्यात दमून पडले होते. सुलक्षणाबाई भिंतीचा आधार घेत आल्या, वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. भावाचं बाळंतपण त्यांनी आजवर कुठे पाहिलं नव्हतं.

"म्हंजे बहीणच," त्या शेवटी म्हणाल्या. "सहावी."

त्या मुक्ताच्या खुर्चीवर बसल्या. "देवाला बी दुसरं काय सुचत न्हाई," असं म्हणून त्यांनी पदराने चष्मा पुसला. उपेंद्रला त्यांची खरोखर दया आली. आपला मामेसासरा गेला याचं त्यालाही थोडं वाईट वाटलं.

पण सुलक्षणाबाई फार वेळ बसल्या नाहीत. उठून त्यांनी खोलीची खिडकी लावली. "वली बाळंतीण हाय. सव्वा महिना उंबऱ्याभाईर काढायची न्हाई."

"सोमवारी फक्त तासभर, आई. गाडीत."

"गाडीत? बाळंतिणीला?" जावयाशी त्या प्रथमच आवाज चढवून बोलल्या. उपेंद्रने डिकीचा विषय सोडला.

पेटीचं झाकण जाळीचं होतं. आईला ती जाळी बारीक होती, लेकरांना नव्हती. मुक्ता पिल्लं मोजायची आणि दर वेळी आकडा कमी यायचा. रविवारी उपेंद्रने जाळीवर चिकटपट्टी लावली आणि जी आत आहेत ती सगळी आहेत, असं स्वतःला सांगितलं.

सोमवारी डोनल आला. साठीचा, उंच, मास्क लावलेला, मार्चपासून कुणाच्या घरात न गेलेला माणूस. छोट्या खोलीचं दार बंद होतं. मुलगी झोपली आहे, असं उपेंद्रने सांगितलं. बॉयलर ठीक निघाला. आता फक्त हॉट प्रेस बघायचं राहिलं होतं. हॉट प्रेस म्हणजे जिन्यावरचं, गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. आयर्लंडमधली माणसं त्यात टॉवेल ऊबेला ठेवतात, कारण घरात तेवढी एकच जागा नेहमी गरम असते. हे माणसांखेरीज इतरांच्याही लक्षात आलं होतं.

"उपेन," डोनल कपाटात डोकं घालून म्हणाला, "तुझ्या टॉवेलवर साप आहे."

"गांडूळ असेल. मी बागेत बरंच काम करतो."

"ते जीभ काढतंय."

डोनलने डोकं बाहेर काढलं.

"प्राणी नकोत, असं मी म्हणालो होतो."

"हो."

"किती आहेत?"

"नक्की सांगता येणार नाही," उपेंद्र म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य होतं.

डोनलने कपाटाचं दार हळूच लावलं. भाडेकरू म्हणून तुम्ही सोन्यासारखी माणसं आहात, पण महिनाअखेरीपर्यंत एक तर साप नाही तर तुम्ही, असं तो फार सौम्यपणे म्हणाला. छोट्या खोलीचं दार उघडून मुक्ता बाहेर आली होती. तिने हे ऐकलं आणि मार्चपासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. उपेंद्र घर जाण्याची भीती विसरला आणि त्याने तिला जवळ घेतलं.

एवढ्यात जिन्याखालून सुलक्षणाबाई तबक घेऊन वर आल्या, त्यांच्या मागे चित्रा. त्यात निरांजन होतं आणि मुक्ताच्या हिरव्या लोकरीचा एक गोंडा. राखीपौर्णिमा होती. कुणासाठी ते न सांगता त्यांनी सकाळीच राखी करून ठेवली होती. इंग्रजी त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. त्यांना जिन्यावर मान खाली घालून उभा असलेला, एकटा वाटणारा माणूस तेवढा दिसला.

"चित्रे, ह्यास्नी बहीण हाय का इचार."

चित्राने विचारलं. डोनलला एक बहीण होती, ऑस्ट्रेलियात, पर्थला. यंदा ती यायची होती. 

"हात म्होरं करा म्हणावं."

डोनलने हात पुढे केला. सुलक्षणाबाईंनी तोंडावर पदर घेऊन, दोन मीटरचा नियम जेमतेम अर्धा मोडून राखी बांधली आणि ओवाळलं. डोनलने मनगट उलटसुलट करून पाहिलं. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, पण डोळे मिचमिचत होते.

"याचा अर्थ काय?"

"तू आता तिचा भाऊ," मुक्ता नाक पुसत म्हणाली. "भावाने बहिणीला काहीतरी द्यायचं असतं."

"काय हवंय, विचार तिला."

चित्राने आईला विचारलं. सुलक्षणाबाई जरा लाजल्या. "मला मेलीला काय हवंय? वरच्या न्हाणीतल्या फवाऱ्याला पाणी लई बारीक येतंय. तेवढं बगा म्हणावं."

कुणी तोंड उघडायच्या आत मुक्ता म्हणाली, "ती म्हणते, साप इथेच राहू देत. सगळे."

चित्रा निरांजनाकडे बघू लागली. डोनलने सरळ उपेंद्रला विचारलं, "असं म्हणाली ती?"

नाही म्हटलं असतं तर पंधरा मिनिटांत अभ्रा भरला असता आणि उपेंद्र सापांपासून कायमचा सुटला असता. मुक्ता त्याच्याकडे बघत होती.

"साधारण असंच," उपेंद्र म्हणाला. मग सासूबाईंवर अन्याय नको म्हणून त्याने जोडलं, "आणि वरच्या शॉवरला पाणी कमी येतं."

डोनलने राखीकडे पाहिलं, हॉट प्रेसकडे पाहिलं, आणि सुस्कारा सोडला. "साप राहू देत, ग्रँड," तो म्हणाला. "पण शॉवरचं काम मोठं आहे. पाइप बदलावे लागतील. ते बघू कधीतरी."

"काय म्हणाले?" सुलक्षणाबाईंनी जावयाला विचारलं.

"बघू कधीतरी, म्हणाले."

सुलक्षणाबाईंचा चेहरा फुलला. तबक चित्राच्या हातात देऊन त्यांनी डोनलवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली.

"मग सख्खा भाऊच गावला," त्या म्हणाल्या. "चित्राचं वडील जलमभर आपल्या बहिणींस्नी ह्येच सांगत हुतं."