किट्टीअण्णांचा सामुराई

"घोटा बघा! अहो, घोटा बघा! ह्याला घोटा म्हणायचं काय?"

दर रविवारी सकाळी बंगळूरच्या बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत ही आरोळी उठते. नव्या माणसाला वाटतं, कुणाचा तरी पाय मोडलाय आणि घरचे लोक डॉक्टरच्या अंगावर धावून गेलेत. तसं काही नसतं. आमचे घरमालक किट्टीअण्णा वीतभर उंचीच्या एका प्लॅस्टिकच्या माणसाला झापत असतात.

किट्टीअण्णांचं खरं नाव कृष्णोजीराव. कन्नड मुलखात कृष्णाचा लाडाने किट्टी होतो आणि साठी उलटली तरी तो किट्टीच राहतो. घराणं मराठी, पण बंगळूरला येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नाही. बोलताना मराठीत कन्नड मिसळतात आणि चिडले की दोन्ही भाषा एकदमच तोंडातून बाहेर पडतात. न चिडलेले किट्टीअण्णा मी फार थोड्या वेळा पाहिलेत. मी पुण्याचा. चिडक्या माणसांतच वाढलो, स्वतःही काही शांत नाही. पण पुण्यात माणूस माणसावर चिडतो. खेळण्यावर चिडणारा माणूस मला इथे नोकरीला आल्यावरच भेटला.

'खेळणं' हा शब्द मी इथे लिहितोय, त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नाही. 'बाहुली' तर नाहीच नाही.

"फिगर म्हण, मंदार! अ‍ॅक्शन फिगर! बाहुली नुसती नटून बसते. हे लढतंय की!"

अण्णा जन्मभर पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. तयार झालेला माल तपासायचा आणि खोट दिसली की 'रिजेक्ट'चा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी गंमत म्हणून त्यांना एक अ‍ॅक्शन फिगर भेट दिली. पंख लावलेला कुणी योद्धा होता. संध्याकाळी घरी आणून टेबलावर ठेवला तर तो आडवा झाला. पुन्हा ठेवला, पुन्हा आडवा. घोट्याचा सांधा ढिला होता. झालं! शाल-श्रीफळ बाजूला राहिलं आणि अण्णा रात्रीचं जेवण टाकून त्या घोट्याला शिव्या देत बसले. तेव्हापासून ते फिगर विकत घेतात, तपासतात आणि नापास करतात. भिंतभर कपाट भरलंय आणि त्यातले जवळजवळ सगळे नापास आहेत. नापास माल विकत घेऊन घरात का ठेवायचा, असं मी एकदा विचारलं होतं. "मग काय रस्त्यावर सोडू? दुसऱ्या कुणाला फसवेल की तो!" असं उत्तर मिळालं.

मी त्यांचा छायाचित्रकार कसा झालो, तेही सांगून टाकतो. वरच्या मजल्यावर राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी त्या आरोळीने माझी झोपमोड झाली. मी तावातावाने खाली उतरलो. भांडायचं म्हणून तोंड उघडतो तोच अण्णांनी त्यांचा फोन माझ्या हातात कोंबला. "सरी, बरा आलास. धर. हलवू नको. स्वल्प घोट्याजवळ ने." मी धरला. तो आजतागायत धरतोय. या माणसाचे व्हिडिओ इंटरनेटवर लोक बघतात याचाच मला राग येतो. अर्ध्यांना भाषा कळत नाही, तरी बघतात. खाली लिहितात, 'अंकल, अजून ओरडा.'

पद्धत ठरलेली आहे. टेबलावर काळ्या कडाप्प्याची गुळगुळीत फरशी. तिच्यावर फिगर उभी करायची. मग गुडघा, कोपर, मान, खांदा आणि शेवटी घोटा. प्रत्येक सांधा हलवताना अण्णा कान जवळ नेतात. नंतर एका पायावर उभं करायचं. ती पडली की टेबलावर दाणकन मूठ. "पडला! एवढी तलवार कमरेला, एवढी छाती पुढे, आणि उभं राहता येत नाही! साकु! बस झालं! रिजेक्ट!" दाणकन.

या टेबलाला घर घाबरून असतं. चहाचा कप कुणी त्याच्यावर ठेवत नाही.

इतक्या वर्षांत 'ओके' मिळालेला एकच आहे. जपानहून मागवलेला काळा सामुराई, चिलखतावर बारीक सोनेरी रेघ. तो व्हिडिओ मीच काढलाय. अण्णा त्याचा खांदा कितीतरी वेळ नुसता फिरवत बसले होते. पुढे, मागे, वर. कुठे अडकत नव्हता आणि ठेवाल तिथे थांबत होता. "बघ मंदार," ते हळू आवाजात म्हणाले, "खांदा असा पाहिजे. माझ्या कारखान्यात असा एक सांधा आला असता ना, मी मालकाच्या पाया पडलो असतो." सामुराई कपाटात नाही, त्यांच्या उशालगतच्या कोनाड्यात राहतो. त्याला हात लावायची परवानगी कुणालाच नाही. मी एकदा लावला, तर दोन दिवस नमस्काराला उत्तर नव्हतं.

आता अक्कांकडे येतो, म्हणजे अण्णांच्या बायकोकडे. अक्का म्हैसूरकडच्या. आवाज कधी चढत नाही. अण्णांच्या कपाटाकडे बोट दाखवून "त्यांच्या बाहुल्या" एवढंच म्हणतात आणि आत जातात. अण्णा मागून ओरडत राहतात.

अक्कांचं स्वतःचं कपाट वेगळं. दसऱ्यात इकडे घरोघरी पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, त्याला बोंबे म्हणतात. अक्कांचे बोंबे आमच्या गल्लीत नावाजलेले. सगळ्यांत वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी. त्यांना म्हणतात पट्टद बोंबे. लग्नात आई लेकीला ही जोडी देते. नवरात्राच्या पहिल्या दिवशी आधी ती जोडी बसवायची आणि मग बाकीची मंडळी. अक्कांची जोडी त्यांच्या आईने दिलेली. हात अंगाशी सरळ, नजर समोर, अगदी फोटो काढायला उभे केल्यासारखे. अक्का दरवर्षी त्यांना नवी जर शिवतात.

यंदा नवरात्राच्या थोडं आधी मी एक मूर्खपणा केला. इंदिरानगरला एका कॅफेत फिगर जमवणाऱ्या पोरांचा मेळावा होता, तिथे अण्णांना घेऊन गेलो. ही पोरं खोकी उघडतच नाहीत. सीलबंद खोका काचेत ठेवायचा आणि बाहेरून बघायचा. एका दाढीवाल्याच्या हातात शिंगवाल्या राक्षसाचा खोका होता.

"उभा राहतो का?" अण्णांनी विचारलं.

"पता नहीं अंकल. खोलने से व्हॅल्यू चली जाती है."

"बघितलं नाहीस? आणि जमवतोस?"

पुढचं फार भराभर घडलं. अण्णांनी खोका हिसकावला, टर्रकन फाडला आणि राक्षस कॉफीच्या टेबलावर उभा केला. राक्षस पडला. "रिजेक्ट!" दाढीवाला रडायचाच बाकी होता. तो राक्षस आम्हाला विकत घ्यावा लागला.

त्याच राक्षसाचं परीक्षण पुढच्या रविवारी. अक्का त्याच खोलीत, टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी बसून राणीच्या पदराला टाके घालत होत्या. दोरा आणायला उठल्या तेवढ्यापुरती त्यांनी राणी टेबलाच्या कडेला ठेवली. एवढ्या वर्षांत त्या टेबलावर त्यांनी पहिल्यांदाच काही ठेवलं असेल. राक्षस पडला. अण्णांची मूठ पडली. राणी खाली जमिनीवर आपटली आणि तिचा उजवा हात खांद्यापासून तुटून माझ्या पायाशी आला.

अक्का दोरा घेऊन दारात उभ्या होत्या.

आणि अण्णा काय म्हणाले असतील? "खांद्याला सांधाच नाही तिच्या! मग मोडणारच की! बनवणाऱ्याचा दोष!"

मला इतका संताप आला की मी फोन टेबलावर आपटला. "अण्णा, लाज वाटू दे! त्यांच्या आईने दिलेली आहे ती! दोष बनवणाऱ्याचा? मूठ कुणाची होती?" आणखीही पुष्कळ बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. जन्मात प्रथमच किट्टीअण्णांवर कुणी ओरडत होतं.

अक्कांनी तो तुटलेला हात उचलला, राणी उचलली, दोन्ही पदरात घेतलं. "भंगलेलं पायरीवर ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "चिकटवलेलं पण नाही. पाण्यात सोडायचं. यंदा बोंबे नाहीत."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. अक्का स्वयंपाक करत होत्या, वाढत होत्या, बोलत नव्हत्या. आणि अण्णा सगळ्या जगावर भडकले होते. दूधवाल्याच्या पिशवीला गळती, रिक्षावाल्याचा मीटर, समोरच्या देवळाचा भोंगा, सगळं रिजेक्ट. रविवार आला तर खाली आवाजच नाही. मी जागा होऊन वाट बघतोय, आणि गल्ली गप्प. त्या गप्पपणाचाही मला राग आला. एक 'चुकलं' म्हणायला या माणसाला काय होतं? तीन अक्षरं आहेत. घोट्यावर तासभर बोलता येतं, आणि बायकोपुढे तीन अक्षरं तोंडातून निघत नाहीत.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी सकाळी खालून हाक आली. "मंदार! फोन धरायला ये!"

मी भांडायच्याच तयारीने उतरलो. कडाप्प्याच्या फरशीवर लाकडी राणी उभी होती, नव्या जरीत, दोन्ही हातांनिशी. अक्कांच्या कपाटातून अण्णांनी ती रात्री गुपचूप काढली असणार. अण्णांचे डोळे लाल होते आणि बोटांना पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. अक्का दाराशी उभ्या होत्या.

"चालू कर," अण्णा गुरगुरले. मग फोनकडे बघून सुरू झाले. "आजचा माल. लाकूड जुनं, रंग जुना, एक नंबर. खांद्याचं नवीन काम एका अडाण्याने केलंय. भोक वाकडं पाडलंय. इथे बघा, कानस घासलेली दिसतेय. बेकार काम! मूठ आवरता येत नाही अशा माणसाला घरात ठेवू नये! रिजेक्ट! माल नव्हे, माणूस रिजेक्ट!" त्यांनी मूठ उचलली. टेबलाकडे बघितलं. आणि मूठ हळूच मांडीवर ठेवली.

"चिकटवलेलं चालत नाही म्हटलं होतं," अक्का म्हणाल्या.

"चिकटवलं कुठे? चिकटवलेलं हलतं काय? हलवून बघ की!"

अक्का पुढे आल्या. राणीचा हात त्यांनी एका बोटाने वर केला. हात वर गेला आणि थांबला. मागे केला, थांबला. पुढे आणला. मी फोन जवळ नेला आणि जरीच्या बाहीच्या आत मला काहीतरी काळं दिसलं. त्याच्यावर सोनेरी बारीक रेघ होती.

अक्का आत जाऊन राजाला घेऊन आल्या आणि राणीशेजारी उभं केलं. मग राणीचा हात थोडासा वळवून राजाच्या मनगटावर टेकवला. तो तिथेच राहिला.

"एवढी वर्षं नुसतीच शेजारी उभी होती," त्या म्हणाल्या. मग अण्णांकडे न बघता विचारलं, "सामुराईचं काय झालं?"

"त्याचं? खांदा ढिला होता त्याचा. केला रिजेक्ट."

खांदा ढिला नव्हता. त्याचा व्हिडिओ मीच काढला होता.

दुपारपर्यंत पायऱ्या लागल्या. सगळ्यांत वर राजा-राणी. संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदी-कुंकवाला आल्या. मीही गेलो, सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ खायला, आणि अण्णांवर राग धरायला. राग अजून पुरता उतरला नव्हता. पाहिलं तर सगळ्यांत खालच्या पायरीवर, वाणी आणि वाणीण अशा दोन मातीच्या बाहुल्यांच्या मधोमध, काळा सामुराई उभा होता. उजवा हात खांद्यापासून नाही. कोनाड्यातून काढून अक्कांनीच त्याला तिथे आणलं असणार. पायाशी एक लहानशी रांगोळीही काढली होती.

शेजारच्या बाई वाकून बघत म्हणाल्या, "अय्यो अक्का, हा मोडलेला आहे की! भंगलेलं कसं ठेवलंत?"

"मोडलेला नाही," अक्का म्हणाल्या. "मी तपासलाय. ओके आहे."

अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी एकदम मान वर केली, छताकडे तोंड केलं आणि भरल्या घरात ओरडायला लागले, "काय हा पंखा! किती हलतोय बघा! कोण बनवतं असलं? रिजेक्ट!"

पंखा बंद होता.