निर्मळ आवाजाची पेटी

कर्जत स्टेशनात पार्सलच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाने गिटार वाजवू नये, असा नियम कुठेही नाही. (मी नियमांचं पुस्तक चाळून पाहिलं आहे. ऑफिसच्या वेळातच.) त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी मी रेल्वेच्या क्लबात जाऊन पिंटोसाहेबांच्या बँडमध्ये गिटार वाजवत असे. पिंटोसाहेब मालगाडीचे गार्ड, आणि कॉर्नेट अशी फुंकत की गाडीला शिट्टी नसती तरी चाललं असतं. शिवाय ड्रम, शिवाय पियानो. या सगळ्यांच्या मागे कोपऱ्यात मी. जाझमध्ये गिटार असते हे त्या हॉलमध्ये फक्त मला आणि पिंटोसाहेबांना ठाऊक होतं, आणि पिंटोसाहेब अधूनमधून विसरत.

क्लब रुळांच्या एका बाजूला, आमचं क्वार्टर दुसऱ्या बाजूला. आमच्याकडच्या बायकांनी त्या नाचाच्या हॉलमध्ये जायची पद्धत नव्हती, म्हणून बायको पायरीवर बसून ऐकायची. मी घरी आलो की म्हणायची, आज ढोल छान वाजवलात. मी म्हणायचो, मी ढोल वाजवत नाही. मग ती जरा विचार करून म्हणायची, मग पिपाणी?

तिचं माहेरचं नाव ठमी. लग्नात आम्ही ते बदलून इंदुमती ठेवलं, कारण पार्सल क्लार्कच्या बायकोला ठमी शोभत नाही असं आमच्या आत्याचं म्हणणं होतं. चारचौघांत मी तिला 'अगं' म्हणायचो आणि ती मला 'अहो'. फक्त दार लावलेलं असलं, शेजारी झोपलेले असले, की मी हळूच 'ठमे' म्हणायचो. तेसुद्धा भिंतीला ऐकू जाणार नाही इतपत.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. ठमीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी कडावला. सासूबाई शनिवारी येणार आणि रविवारी सकाळी तिला बैलगाडीतून घेऊन जाणार, असं ठरलं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "जायच्या आधी एकदा तुमचं वाजवणं ऐकायचं होतं. नुसतं तुमचं."

मी म्हटलं, परत आलीस की ऐकशील. ती सुपातला खडा शोधत राहिली. तिची थोरली बहीण पहिल्याच बाळंतपणात गेली होती. ते आम्हा दोघांना माहीत होतं आणि दोघंही त्या विषयाच्या आसपास फिरकत नव्हतो. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की येत्या शनिवारी माझी गिटार रुळांपलीकडे गेलीच पाहिजे.

खालापुरात मालोजी नावाचा लाउडस्पीकरवाला होता. लग्नं, सभा, कीर्तनं, जिथे ओरडायचं असेल तिथे मालोजी. लढाईनंतर लष्कराचं सामान लिलावात निघालं, त्यातलं बरंच त्याच्या पडवीत येऊन पडलं होतं. मी गिटार पाठीला बांधून रजा टाकून गेलो आणि त्याला माझी अट सांगितली. आवाज मोठा हवा, पण फाटका नको. जाझची गिटार म्हणजे स्वच्छ, निर्मळ, प्रत्येक सूर सुटा. आणि पेटी हातात उचलून नेता आली पाहिजे.

मालोजीने दोन पेट्या काढल्या. एक मोठी, कर्णा लावलेली, तिच्यावर त्याचा भारी जीव. दुसरी लहान, तपकिरी, कोपऱ्यात धूळ खात पडलेली. गिटारचा आवाज पेटीत जायचा कसा, तर त्याच्याकडे लष्करी गळपट्टा होता. रणगाड्यातले शिपाई तो गळ्याला बांधून बोलायचे; पट्ट्याला दोन बटणं, ती गळ्याला टेकली की तोंडाजवळ काही धरावं लागत नाही. तोच गिटारच्या पोटाला करकचून बांधायचा.

आधी गळ्याला बांधून बघा, मालोजी म्हणाला. त्याने बायकोला शेताच्या पार पलीकडच्या बांधावर उभं केलं आणि मला बोलायला सांगितलं. अशा वेळी माणसाला काय सुचणार? मी म्हटलं, "पार्सलची खिडकी बंद आहे." मोठ्या पेटीतून ते ऐकून बाई धावत आली, तिला वाटलं नवऱ्याचं कुणाशी भांडण लागलं. मग तिला परत बांधावर पाठवून मी तेच लहान पेटीतून म्हटलं, तर तिने तिथूनच विचारलं, "मग उघडणार कधी?"

गिटारला पट्टा बांधून वाजवली, तर सूर असे सुटे सुटे आले की साळीच्या भाताची शितंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालोजी मोठ्या पेटीची शिफारस करत राहिला, पण मी कसला ऐकतोय? लहान पेटी शनिवारपुरती भाड्याने घेतली. (उचलून नेता येते हे खरं. पण तिला चालवणारी मोटारची बॅटरी तिच्यापेक्षा जड, हे मला लॉरीत चढताना कळलं.)

शनिवारी सासूबाई आल्या. येसूबाई त्यांचं नाव; मोजकं बोलणाऱ्या, पण डिंकाचे लाडू भरपूर आणणाऱ्या. ठमीने माझ्या गळ्याला मफलर गुंडाळला, कारण थंडी कडक होती, आणि पायरीवर स्वतःसाठी घोंगडी अंथरली. मी म्हटलं, आज ऐक. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात बॅटरी, पाठीला गिटार. गळपट्टा ठेवायला हात उरला नाही, म्हणून तो शिपाई ठेवायचे तिथेच ठेवला आणि वरून मफलर.

पिंटोसाहेबांनी पेटी हॉलमध्ये ठेवायला साफ नकार दिला. मग मी ती बाहेर व्हरांड्याच्या कठड्यावर आमच्या क्वार्टरकडे तोंड करून ठेवली आणि आमच्या पार्सल ऑफिसचा हमाल सखा याला तिच्याजवळ बसवलं. मी खुणावलं की बटण दाब, आणि मग काही झालं तरी हात लावायचा नाही, असं बजावून सांगितलं. तेवढ्यात पिंटोसाहेब आतून "कम ऑन, क्लार्क" म्हणून ओरडू लागले. मी धावत जाऊन खुर्चीत बसलो, पेटीची वायर आत ओढून कोटाखाली लोंबणाऱ्या पट्ट्याच्या वायरीला जोडली, गिटार मांडीवर घेतली आणि सख्याला खूण केली.

पट्टा गिटारला बांधायचा राहिला, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. पेटी बाहेर, मी आत, कानाशी कॉर्नेट.

आता माझी एक खोड सांगतो. मोजल्याशिवाय मला वाजवता येत नाही, आणि मोजता मोजता मी पुटपुटतो. त्या दिवशी तर मन भरून आलं होतं. दुसऱ्या गाण्याला बाहेरचं शंटिंग थांबलं. तिसऱ्याला खिडक्यांशी हमाल, पॉइंट्समन, चहावाला गोळा झाले, काही टॉवेलने डोळे पुसताना दिसले. मी म्हटलं, वा, याला म्हणतात निर्मळ आवाज. आणि आणखी जीव ओतून वाजवलं.

गाणी संपल्यावर पिंटोसाहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, मफलर बाजूला केला आणि म्हणाले, "मॅन, हे गिटारचं तुझ्या गळ्यात काय करतंय?"

मी व्हरांड्यात धावलो. सखा आज्ञेप्रमाणे हात मांडीखाली दाबून बसला होता.

"मला वाटलं पोग्रामच तसा हाय," तो म्हणाला. "तुमीच बोलला व्हता, हात लावायचा नाय. पन आवाज लई साफ, सायेब."

मग त्याने मला सगळं ऐकवलं. त्याला पाठच झालं होतं. एक दोन तीन चार, ठमे, ऐकतेस ना गं. एक दोन तीन चार, तू गेलीस की घर खायला उठेल. एक दोन, देवा, हिच्या बहिणीसारखं नको रे करू, ही गिटार घे, नोकरी घे, पण हिला सुखरूप परत आण. तीन चार, आणि सासूबाईंचे ते लाडू आता कोण खाणार, यार्डातला कुत्रासुद्धा पुरून ठेवतो.

"लाडवाचं तर पार मालधक्क्यापोत गेलं," सखा म्हणाला.

मी रूळ ओलांडून घरी निघालो. वाटेत पॉइंट्समन भेटला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरात ठमी भिंतीकडे तोंड करून बसली होती. सासूबाईंनी ताट वाढलं. वरण, भात, आणि मधोमध एक लाडू.

"खावा," त्या म्हणाल्या. "कुत्रा नाय आला आज."

मी खाल्ला. अख्खा. (उजवीकडची दाढ अजून सांगते.) तो संपेपर्यंत त्या समोर बसून होत्या. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "माजी थोरली गेली तवापासनं मला वाटायचं, ह्ये भ्या माजं एकटीचंच हाय. कुनाला बोलले नाय कदी." आणि म्हणाल्या, "जावईबापू, दर रविवारी कडावला येत जावा. मानसाला धीर येतो." मी दुसरा लाडू मागितला.

सकाळी गाडी दारात आली. शेजारपाजारचे सगळे जमले होते, आणि कालपर्यंत जिला इंदुमतीबाई म्हणत होते तिला आज चाळीतली पोरंसुद्धा ठमीकाकू म्हणत होती. ठमी गाडीत बसली. मी म्हटलं, थांब. आतून गिटार आणली, चाकाशी उभा राहिलो आणि पेटीबिटी काही न लावता पूर्ण गाणं वाजवलं. फक्त माझं, फक्त तिच्यासाठी. मोजलं सुद्धा मनातल्या मनात.

ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग पदर सारखा करून माझ्याकडे बघून हसली. सहा महिन्यांत तशी हसली नव्हती.

"छान आहे," ती म्हणाली. "पण रविवारी येताना ती पेटी आणा हं. गिटार राहिली तरी चालेल."